उंची कळविणेबाबत

राहुरी
१९ जून २०२५, गुरुवार

विषय : उंची कळविणेबाबत.

सायली,
जय भीम.

तुझा पत्ता मी तुझ्या आईच्या वहीतून घेतला. तिने तो 'केडगावची मावशी' या नावाखाली लिहून ठेवला आहे. रोज दुपारी जेवणं झाली की ती मोबाईल घेऊन मागच्या ओट्यावर जाते आणि तासभर केडगावच्या मावशीशी बोलते. मावशीला दोन वर्षांपासून काडीचं ऐकू येत नाही, हे मला माहीत नाही असं तिला वाटतं. केडगावच्या घराला चिंचवडचा पिनकोड कसा, हेही मी तिला विचारलेलं नाही.

तेव्हा हे पत्र आईच्या सांगण्यावरून नाही. तिला याचा पत्ताही नाही. कामाचं पत्र आहे म्हणून वर विषय घातला. तेहेतीस वर्षं नोकरीत कागद लिहिले, बिनविषयाचं पत्र मला लिहिता येत नाही.

काम असं आहे. आमच्या चिंच संशोधन केंद्रावर मार्चपासून डॉ. ज्योतीबाई म्हणून नव्या आल्या आहेत. वयाने तुझ्याएवढ्याच. कपाट आवरताना त्यांना माझे अल्बम सापडले. अठ्ठ्याण्णव सालापासूनचे, दर बुधवारी सकाळी आठ वाजता, जमिनीत ठोकलेल्या एकाच खुंटीपाशी उभं राहून काढलेले, एकाच चिंचेचे फोटो. ऊन असो, धुकं असो, वावटळ असो. मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी बुधवार अजून चालू आहे, हे ऐकून बाई खुर्चीवरून उठल्याच. म्हणाल्या, "काका, हवामान कसकसं होतं आणि त्यात झाड कसं वाढलं, याची अशी सत्तावीस वर्षांची नोंद मी कुठे बघितली नाही." मला वाटलं, आता शाल आणि नारळ. पण त्यांनी भिंग काढलं, एका फोटोवर धरलं आणि विचारलं, "ही मुलगी कोण?"

तुला आठवत असेल नसेल म्हणून लिहितो. केंद्राच्या मोठ्या साहेबांनी कॅमेऱ्याबरोबर मला सहा फुटी काठी दिली होती, फुटाफुटावर लाल-पांढरी रंगवलेली. ती खोडाला टेकवून फोटो घ्यायचा, म्हणजे झाड किती वाढलं ते कळतं. ती काठी पहिल्याच पावसाळ्यात कुणीतरी उचलली आणि बकऱ्यांच्या खोपीला आडवी लावली. साहेबांना सांगायची माझी छाती झाली नाही. त्या बुधवारी तू माझ्यामागे आली होतीस, सहा वर्षांची. तुला म्हटलं, तू राहा उभी, मापाला. पुढच्या बुधवारी पुन्हा तूच. असं बारा वर्षं चाललं आणि काठी वाढत नसते, पोरगी वाढते, हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही.

मोठ्या साहेबांनी एकदा फोटो ओळीने मांडले होते. बराच वेळ बघून म्हणाले होते, "महेंद्र, या चिंचेची वाढ खुंटली की काय?" मी गंभीरपणे मान हलवली. चिंच वाढत होती, शेजारी तूही वाढत होतीस, म्हणून चिंच आपली दिसायला जिथल्या तिथे. ज्योतीबाईंना हे एका मिनिटात कळलं. आधी पोट धरून हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. मधल्या काळात तीन कॅमेरे बदलले. खुंटी दोनदा कुणीतरी उपटली आणि मी ती अंदाजाने ठोकली. त्यामुळे अंतराचा भरवसा नाही. त्या बारा वर्षांच्या फोटोंत भरवशाचं माप एकच आहे, ते म्हणजे तू. तू कोणत्या वर्षी किती उंच होतीस हे कळलं, तर सहाशे फोटो कामाला येतील. नाही कळलं तर ते, बाईंच्या शब्दांत, "नुसते छान फोटो".

नऊ वर्षांनी बापाचं पत्र येतं आणि त्यात बाप उंची विचारतो, हे विचित्र आहे. मला कळतं. तरी सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंतची तुझी उंची, सेंटिमीटरमध्ये, वर्षवार कळवावी. पत्राला दुसरं काहीही कारण नाही.

महेंद्र साळवे
(निवृत्त कृषी सहाय्यक)


राहुरी
८ जुलै २०२५, मंगळवार

विषय : वरीलप्रमाणेच. स्मरणपत्र क्र. १.

चि. सायली,
जय भीम.

उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा अडवून विचारलं, तर तो म्हणाला, "काका, आता पत्र लिवतंय कोन? काय असंल तर व्हॉट्सॅपला बगा की." त्याच्या पगाराचा विषय काढणार होतो, पण हे पत्र त्याच्याच हाती द्यायचंय.

दुसरं म्हणजे, मी पकडला गेलो. तुझं शाळेचं आरोग्य कार्ड सापडतंय का म्हणून पत्र्याची पेटी उपसत होतो, तेवढ्यात आई आली.

"काय हुडकताय?"

"सायलीची उंची."

तिने पेटीचं झाकण लावलं. मग मी सगळं सांगितलं, काठी, साहेब, ज्योतीबाई, तुला टाकलेलं पत्र. ती इतकी हसली की शेवटी पेटीवरच बसली. डोळे पुसत म्हणाली, "कार्ड कशाला पायजे? दोरी हाय की."

तुला दोरी माहीत असणार. मला आत्ता कळली. चौदा एप्रिलला तुला नवा पांढरा फ्रॉक व्हायचा. शिंपी कोल्हारला. तेवढ्यासाठी पोरीला कुठे एस.टी.त कोंबायची, म्हणून आई घरीच सुतळीने माप घेऊन सुतळी त्याच्याकडे धाडायची, इतकंच मला ठाऊक होतं. पण शिंप्याची सुतळी वेगळी आणि ही वेगळी. शिंप्याचं माप झालं की ती तुला भिंतीला टेकवून उभी करायची, टाचेपासून डोक्यापर्यंत दुसरी दोरी धरायची आणि तिथे गाठ मारायची. दर वर्षी त्याच दोरीला पुढची गाठ. सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत तेरा गाठी. सायली, मी त्याच घरात राहत होतो. बुधवार-बुधवार करून गावभर झाडाच्या मापाच्या बढाया मारत होतो, आणि माझ्याच घरात चोख माप घेणारं माणूस भाकरी थापत होतं.

"कुठाय ती दोरी?" मी विचारलं.

"तिच्याकडं. जाताना म्याच दिली. माहेरचं काय तरी जवळ असावं म्हनून." एवढं बोलून ती चहा टाकायला उठली आणि चहा होईपर्यंत बाहेर आली नाही.

तरी ती दोरी पाठव. पाठवायची नसेल तर टेप लावून आकडे लिहून पाठव. चिंचेखाली वाढलीस ती राहायला गेलीस चिंचवडला, म्हणजे झाडाचं काहीतरी देणं तू मानत असशील असं धरून चालतो.

सोबत फोटो पाठवतो आहे, बारा. मागची बाजूही बघ. साहेबांनी हवामानासाठी मला तीनच शब्द दिले होते : निरभ्र, ढगाळ, पाऊस. मला ते कधी पुरले नाहीत. डिसेंबर नव्व्याण्णवच्या फोटोमागे लिहिलंय, 'धुकं. झाड नाही. सायलीची रिबीन आहे.' खरंच तेवढीच दिसते, लाल, कुणी हवेत टांगल्यासारखी. दोन हजार तीनच्या मे महिन्यातल्या फोटोमागे, 'ऊन. सकाळी आठलाच डोळा उघडवत नाही. पाला गेला.' त्यात तू एक डोळा मिटून, एका पायावर उभी आहेस, कारण खाली माती पोळत होती आणि चप्पल एकच सापडली होती. अजून एकात वारा इतका आहे की झाड आणि तुझी वेणी दोघंही कोल्हारच्या दिशेला गेलेत.

गारांचा फोटो सगळ्यात खाली ठेवला आहे. मार्च दोन हजार चार. कधी नव्हे ते सकाळी सकाळी गारा आल्या. तू पळत खोडाशी गेलीस आणि तिथलं घमेलं डोक्यावर पालथं घातलंस. मी छपराखालून ओरडलो, "हलू नको!" आणि बटण दाबलं. मग धावलो. तोवर एक गार तुझ्या कोपरावर बसली होती. घरी आल्यावर आई मला म्हणाली, "झाड काय पळून जानार हुतं का? आदी पोरीला आत घ्यायची का फोटू?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. फोटोमागे लिहिलं, 'गारा. मापाला सायली (घमेल्यासह).' केंद्रावर सगळ्यांना हा फोटो दाखवून हसवायचो. आता त्यात मला घमेल्याखालचे दोन पाय तेवढे दिसतात, एकमेकांना चिकटलेले. हललेले नाहीत. मी हलू नको म्हणालो होतो ना.

उत्तराची वाट पाहतो.

तुझे वडील,
महेंद्र साळवे


राहुरी
३० जुलै २०२५, बुधवार

विषय : दि. ८ जून २०१६.

चि. सायली,

आज झाडाचा फोटो घेऊन आलो आणि तसाच लिहायला बसलो. सोबत मोठं पाकीट आहे, दोन हजार सोळा सालचे सगळे फोटो. खरं तर तुला त्यातला एकच पाठवायचा होता. पण एकटा तो पाकिटात घालायला हात होईना, म्हणून वर्षाचा गठ्ठाच बांधला.

आठ जूनचा काढ. तुला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, सुट्टीला आली होतीस. नवी काठी आल्यापासून मला मापाला माणूस लागत नव्हतं, तरी सवयीने तू बरोबर आलीस आणि जाऊन उभी राहिलीस. चोवीस वर्षांची घोडी, आणि सहा वर्षांची असताना उभी राहायचीस तशीच, हात मागे बांधून. मी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि तू तिथूनच म्हणालीस, "पप्पा, मी आणि करण लग्न करतोय. पुढच्या महिन्यात. नगरला, रजिस्टर."

माझा डोळा कॅमेऱ्यालाच होता. करण म्हणजे कोल्हारच्या रंभाजी पाटलांचा मुलगा, हे मला माहीत होतं. तुमच्या कॉलेजातला, एकदा घरी येऊन गेलेला, आईच्या हातचं खाऊन ताट स्वतः घासणारा. पोरगा वाईट आहे असं मला कधीच वाटलं नाही. मी म्हणालो, "बाजूला हो."

तू म्हणालीस, "काय?"

"फोटोच्या बाहेर हो. आज झाडाचा एकट्याचा घ्यायचाय."

तू झालीस. फोटोत डाव्या कडेला बोटभर पिवळी ओढणी आली आहे, तेवढीच. मागे मी लिहिलंय 'निरभ्र'. साहेबांचा शब्द. त्या दिवशी मला माझा शब्द सुचला नाही.

आता जे लिहितो ते तुझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही. मला राग आला नव्हता, सायली. मी भ्यालो होतो. आपण कोण, ते कोण. आपल्या या जिल्ह्यात एवढ्या एका कारणावरून काय काय झालंय, ते तू पेपरात वाचलंस. मी त्यातल्या एकाच्या घरी भेटायला जाऊन आलो होतो. त्या घरातल्या बापाने आल्यागेल्याला चहा दिला, प्रत्येकाला नीट विचारलं, साखर बरोबर आहे का. तू लग्नाचं बोललीस आणि मला तो माणूस दिसला, हातात किटली घेतलेला. बापाने मुलीला 'मला भीती वाटते' असं म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. राग दाखवणं सोपं पडलं.

मला मुलगी नाही, असं मी कधीही म्हणालो नाही. कुणी तुला तसं सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मी फक्त 'बाहेर हो' म्हणालो. पण आज लिहिताना वाटतं, की तेवढं तुझ्यासारख्या पोरीला पुरेसं होतं. तू लहानपणापासून मी सांगेन तिथे उभी राहत आलीस.

दोरीची घाई नाही.

तुझे पप्पा,
महेंद्र


राहुरी
२० ऑगस्ट २०२५, बुधवार

विषय : दि. १३ जुलै २०१६ चा फोटो गठ्ठ्यात नसणेबाबत.

चि. सायली,
जय भीम.

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने ते मोठ्याने वाचतच आणलं, त्यामुळे गल्लीला पाठ आहे. 'सोळा सालच्या गठ्ठ्यात ५१ फोटो आहेत. १३ जुलैचा नाही. त्या दिवशी तर तुम्हाला झाड होतं ना?'

नमस्कार नाही, सही नाही. पण मोजलेस तू. एकावन्न मोजलेस. बापाची पोर शोभतेस, असं मी म्हणणार होतो, पण ते म्हणायचा हक्क या पत्राच्या शेवटी उरतो का बघू.

तेरा जुलै हा तुझ्या लग्नाचा दिवस. आदल्या दिवशी तुझ्या आईने मला विचारलं, "उद्या येताय ना?" मी म्हणालो, "उद्या बुधवार. मला झाड आहे." ती सकाळी तुझ्या मैत्रिणीला, जयाला घेऊन नगरला गेली आणि तू विचारल्यावर तिने माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती खोटं बोलत नाही, केडगावची मावशी सोडली तर. तेव्हा गेली नऊ वर्षं तू ते वाक्य घेऊन बसली आहेस, हे मला ठाऊक आहे. झाडासाठी लग्नाला न आलेला बाप.

आता ऐक. त्या दिवशी आठ वाजता मी खुंटीवर उभा होतो. डोळा लावला. झाडाशेजारची जागा मोकळी होती. तू पुण्याला गेल्यापासून ती मोकळीच असायची, त्यात नवं काही नव्हतं. पण बटण दाबवेना. साडेआठला मी नगरच्या एस.टी.त होतो, गळ्यात केंद्राचा कॅमेरा तसाच.

रजिस्टर ऑफिसच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे रसवंती आहे. तिथे आडोशाला उभा राहिलो. मी लग्नाला आलो नव्हतो, पहाऱ्याला आलो होतो. कोल्हारहून कुणी आलं, काही वेडंवाकडं झालं, तर मी पुढे होणार होतो. कॅमेरा घेऊन काय करणार होतो ते विचारू नको. तीन ग्लास रस प्यालो. रसवंतीवाला म्हणाला, "काका, कुनाची वाट बगताय?" मी म्हणालो, "पावसाची."

कुणी आलं नाही. वाईट करायला कुणी नाही आणि चांगलं म्हणायलाही त्यांच्या घरचं कुणी नाही. अकरा चाळीसला तुम्ही बाहेर आलात. तू पांढरी साडी नेसली होतीस, निळ्या काठाची. करणच्या हातात तुझी पर्स होती आणि ती कशी धरायची ते त्याला कळत नव्हतं, दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, लहान पोराने पाटी धरावी तशी. तेव्हा मला त्याच्याबद्दल माया वाटून गेली. अंगणात बदामाचं झाड आहे. जयाने तुला त्याच्याखाली उभं केलं आणि मोबाईल धरला. मधून एक टेम्पो गेला. तो गेला तेव्हा तू हात मागे बांधून उभी होतीस.

मी रस्त्याच्या अलीकडून एक फोटो काढला. एकच.

मधलं अंतर वीस पावलांचं होतं. अंतराचा एवढा एक अंदाज माझा चुकलेला नाही. तुम्ही रिक्षात बसेपर्यंत मी त्यातलं एकही टाकलं नाही. आधी त्यांना भ्यालो, मग तुला भ्यालो. तू म्हणाली असतीस, बाहेर व्हा पप्पा. आणि तू तसं म्हणायला मोकळी होतीस. घरी आल्यावर आईने तोंड फिरवूनच विचारलं, "झाला का झाडाचा फोटू?" मी म्हणालो, झाला. ते काही खोटं नव्हतं.

तो फोटो मी अल्बमात लावला नाही, कारण तिथे चिंचेचेच लावतात. सरकारी नियम. माझ्या सदऱ्याच्या खिशातल्या पाकिटात ठेवला होता, म्हणून कोपरे गेलेत. मागे जे लिहिलंय ते आज लिहिलेलं नाही. त्याच दिवशी नगरलाच स्टुडिओतून फोटो काढून घेतला आणि परतीच्या एस.टी.त लिहिलंय, अक्षर हललंय त्यावरून कळेल :

'१३.७.२०१६, बुधवार. स. ११.४०. झाकोळ, वारा नाही. झाड : बदाम. मापाला सायली.'

बुधवार चुकला नव्हता, सायली. झाड चुकलं होतं. आणि माणूस चुकला होता, रस्त्याच्या अलीकडचा. हा फोटो आता तुझ्याकडे राहू दे.

पप्पा


राहुरी
१७ सप्टेंबर २०२५, बुधवार

विषय : काही नाही.

चि. सायली,

सोमवारी पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. पाकीट उलटं करून झटकलं, आत डोळा घालून बघितलं. सुतळीचं वेटोळं होतं, जुनं, तेरा गाठींचं, ते तसंच घेऊन केंद्रावर गेलो.

ज्योतीबाईंनी टेबल मोकळं केलं. मी दोरी ताणून धरली, त्यांनी टेप लावली. मी गाठ सांगायची, त्यांनी आकडा लिहायचा. अठ्ठ्याण्णव, एकशे बारा. नव्व्याण्णव, एकशे अठरा. आठव्या गाठीला थोडी हळद लागलेली आहे, आई स्वयंपाकातून उठून आली असणार. दुपारपर्यंत बाईंनी संगणकावर काय काय केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. रेघ चढत गेलेली होती. "काका, बघा तरी, कसली वाढलीय तुमची चिंच! फक्त दोन हजार तीनच्या दुष्काळात थबकली, पुढच्या वर्षी भरून काढलंय सगळं." मोठे साहेब आज असते तर त्यांना फोन केला असता. बारा वर्षं खुंटलेलं झाड आमच्यासमोर एका दुपारी वाढलं, सायली, आणि ते तुझ्या आईच्या गाठींनी वाढलं. तसं बाईंनी अहवालात लिहायचं कबूल केलंय.

मग त्यांनी ते वेटोळं गुंडाळायला घेतलं, तर त्याच्या पोटातून दुसरी दोरी निघाली. निळी, नवी, एकाच गाठीची. बाईंनी सवयीने टेप लावली. ब्याण्णव.

"ही कुठल्या सालची?" त्यांनी विचारलं. "ब्याण्णव तर तुमच्या कुठल्याच फोटोला बसत नाही."

मी म्हणालो, ही यातली नाही. आणि ती खिशात घातली.

घरी आलो तर आई डाळ निवडत बसली होती. मी निळी दोरी तिच्या डोळ्यांसमोर धरली.

"ही कुणाची?"

"मला काय म्हाईत?" वर न बघता म्हणाली.

"ब्याण्णव सेंटिमीटर आहे."

"ब्यान्नव झाली?" तिचा हात ताटातच थांबला. "दिवाळीत तर पंच्याऐंशी हुती." आणि मग तोंडावर हात मारून घेतला.

मी तिला रागावलो नाही. मी खाली बसलो, डाळीच्या शेजारी. तिच्या ताटातले खडे वेचायला लागलो. मग ती सांगायला लागली आणि थांबेचना. पावणेतीन वर्षांची आहे. झोपताना तुझा कान धरते. भात नको, भाकरी पाहिजे. आजोबा कुठायत म्हणून विचारते तेव्हा तू सांगतेस, झाडापाशी आहेत. नाव राजनंदिनी. एवढ्याशा दोरीला एवढं मोठं नाव! "तुमाला सांगायचं न्हाई असं सायलीनं शपथ घालून बजावलं हुतं," आई म्हणाली, "म्या शपथ मोडली न्हाई. तुमी आकडा सांगितला म्हनून त्वांडातून निसटलं." म्हणजे मी तिला नाही पकडलं, मापाने पकडलं. तू दोरी पाठवलीस ती हे सगळं जाणूनच, हे मला आता कळतंय. तोंडाने सांगायचं नव्हतं, आणि मला कोणती भाषा वाचता येते हे तुला माहीत होतं.

आज बुधवार. ती दोरी झाडापाशी घेऊन गेलो. खोडाला लावून पाहिली. जिथे मुंगळ्यांची रांग खाचेत वळते, तिथपर्यंत येते. फोटो काढताना मी त्या जागेकडेच बघत होतो, त्यामुळे वरचं निम्मं झाड कापलं गेलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

ज्योतीबाईंना मी विचारलं होतं, मुलीने एकदा प्रत्यक्ष येऊन उभं राहिलं तर जास्त बरं नाही का? अजून पक्कं होईल. त्या म्हणाल्या, "नाही काका, आकडे पुरेसे आहेत. काम झालं."

म्हणजे तुला बोलवायला आता माझ्याकडे कसलंही कामाचं कारण उरलेलं नाही. दोन दिवस हुडकलं, सापडलं नाही. म्हणून बिनकामाचं लिहितो. ये.

मी तुला फोटोच्या बाहेर हो म्हणालो होतो. माझं चुकलं. आता आत ये. करणरावांना घेऊन ये. उंच आहेत, मी पाहिलंय. त्यांना म्हणावं, वाटल्यास पर्स पुन्हा तुमच्या हातात देऊ. राजनंदिनीला घेऊन ये. मापाला नाही. नुसतं उभं राहायला. आणि उभं राहायचं नसेल तर आईच्या ओट्यावर बसा, मी झाडाला सांगतो.

वीस पावलांचं देणं माझ्याकडे बाकी आहे. तुम्ही राहुरीच्या स्टँडवर उतराल तेव्हा मी पलीकडे थांबणार नाही, गाडीच्या दाराशी असेन.

तुझाच,
पप्पा

ता. क. बुधवारीच यावं असं काही नाही. पण बुधवारी आलात आणि अचानक आभाळ फाटलं, गारा आल्या, तर तू भिऊ नको. घमेलं तिथेच आहे, पण ते लागणार नाही. या वेळी मी आधी नातीला उचलून पळेन. बुधवार चुकला तरी चालेल.